वरळीचा बेडूक, मांगलीची कवटी आणि रिचर्ड ओवेन

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरच्या आत चितेगाव येते. या भागात विहीर खोदा किंवा घराचा पाया घ्या. वरची काळी माती संपली की मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरलेला हा लाव्हा महाराष्ट्राचा मोठा भाग व्यापून आहे. कातळाच्या पोकळ्यांत अकीक, गारगोटी, झिओलाइटचे पांढरे स्फटिक सापडतात. मुले ते वर्गात आणतात. आणि कधी ना कधी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, आपल्याकडे डायनोसॉरची हाडं सापडतील का?"

या प्रश्नाला 'नाही' एवढेच उत्तर देऊन चालणार नाही. लाव्हा थंड होऊन तयार झालेल्या खडकात सहसा जीवाश्म मिळत नाहीत, कारण हजार अंशांच्या आसपास तापमान असलेल्या रसात हाडे, पाने, शिंपले टिकत नाहीत. पण लाव्हाचे सगळे थर एकाच वेळी पसरले नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात त्या जमिनीवर तळी साचली, झाडे वाढली, प्राणी राहू लागले. तळ्यांच्या तळाशी गाळ बसला आणि त्यावर पुढचा लाव्हा आला. असा मध्ये अडकलेला गाळाचा थर म्हणजे अंतरा-ट्रॅपी थर. त्यात जीवाश्म मिळतात. दुसरी जागा म्हणजे बेसाल्टच्या वर नद्यांनी खूप नंतर आणून टाकलेला गाळ. पैठणजवळ मुंगी येथे गोदावरीच्या अशाच जुन्या गाळात एकोणिसाव्या शतकात प्राण्यांची अश्मीभूत हाडे आणि अकीकाचा एक छिलका सापडला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विन या भूवैज्ञानिकाने तो शोधला आणि १८६८ मध्ये सर्वेक्षणाचा प्रमुख थॉमस ओल्डहॅम याने त्यावर टिपण लिहिले. माणसाने घडवलेले दगडी हत्यार म्हणून त्याची दखल घेतली गेली.

म्हणजे महाराष्ट्रात जीवाश्म आहेत. त्यांतल्या दोन महत्त्वाच्या जीवाश्मांना नाव देणारा माणूस एकच होता, आणि 'डायनोसॉर' हा शब्दही त्याचाच. त्याचे नाव रिचर्ड ओवेन. विज्ञानात त्याने केलेले काम मोठे आहे, आणि त्याच्याविरुद्ध असलेल्या तक्रारीही तेवढ्याच गंभीर आहेत. अशा माणसाविषयी वर्गात काय सांगावे, हा या लेखाचा विषय आहे.

मुंबईचा चिमुकला बेडूक

मुंबईत वरळी येथे १८४७ च्या सुमारास खोदकामात गाळाचा एक थर उघडा पडला. तो लाव्हाच्या दोन थरांमधला होता. त्यात लहान बेडकांचे सांगाडे दबलेले होते. या जीवाश्मांवर अहवाल लिहिला गेला. तो लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला आणि त्याला ओवेनने एक छोटी पुरवणी जोडली. त्या पुरवणीत बेडकाला नाव मिळाले, 'राना प्युसिला'. 'राना' ही बेडकाची तेव्हाची नेहमीची प्रजाती आणि 'प्युसिला' म्हणजे चिमुकली.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९३० मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ नोबल याने हे जीवाश्म पुन्हा तपासले. हा प्राणी 'राना' प्रजातीतला नाही, असे त्याच्या लक्षात आले. त्याने नवी प्रजाती केली, 'इंडोबॅट्राकस'. १९४० मध्ये जी. वा. चिपळूणकर यांनी वरळीच्याच थरातून याच प्रजातीची आणखी एक जाती वर्णन केली. चिपळूणकर यांचे नाव पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील भूविज्ञानाच्या कामाशी जोडले गेले.

आज या बेडकाचे नाव असे लिहितात : इंडोबॅट्राकस प्युसिलस (ओवेन, १८४७). या कंसाला अर्थ आहे. प्राणिशास्त्राच्या नामकरणाच्या नियमांप्रमाणे, जातीचे नाव ज्याने प्रथम दिले त्याचे नाव पुढे लिहितात. नंतर कोणी ती जाती दुसऱ्या प्रजातीत हलवली, तर मूळ नाव देणाऱ्याचे नाव कंसात जाते. म्हणजे हा कंस सांगतो, "ओवेनने नाव दिले, पण प्रजाती ठरवण्यात त्याची चूक झाली होती." चूक सुधारली गेली, आणि ज्याने प्रथम वर्णन केले त्याचा मानही शाबूत राहिला. 'प्युसिला'चे 'प्युसिलस' झाले ते लॅटिन व्याकरणामुळे; 'राना' स्त्रीलिंगी आहे आणि 'बॅट्राकस' पुल्लिंगी.

मांगलीची कवटी

दुसरा जीवाश्म विदर्भातला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपूरला शिक्षणाचे काम करत असे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला दगडांचा नाद होता. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा नदीच्या खोऱ्यातील मांगली येथल्या वालुकाश्मातून एका प्राण्याची चपटी कवटी मिळाली. ती लंडनला ओवेनकडे पोचली. त्याने १८५५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स', म्हणजे आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा. हा डायनोसॉर नव्हे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायासिक काळातला, पाण्यात राहणारा हा उभयचर प्राणी होता.

या कवटीवरून पुढे एका संपूर्ण कुळाला 'ब्रॅकिऑपिडी' हे नाव मिळाले. या कुळातले प्राणी दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडले आहेत. हे खंड एके काळी गोंडवन नावाच्या एकाच भूखंडात जोडलेले होते, हे आपण भूगोलात शिकवतो. मांगलीची कवटी त्या चित्रातला एक तुकडा आहे.

हाडे वाचणारा माणूस

ओवेनचा जन्म २० जुलै १८०४ रोजी इंग्लंडमधील लँकेस्टर येथे झाला. वैद्यकीचे शिक्षण घेऊन तो लंडनला आला आणि १८२७ पासून रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयात काम करू लागला. तिथे हजारो शरीररचना-नमुन्यांची यादी करता करता तो तुलनात्मक शरीररचनेत तरबेज झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात प्राणी मेला की तो चिरून पाहण्याचा पहिला हक्क त्याला मिळाला. एकदा त्याची पत्नी कॅरोलिन घरी आली तर दिवाणखान्याच्या वाटेत मेलेला गेंडा पडलेला होता, असे सांगतात.

त्याच्या कामाची तीन उदाहरणे शिक्षकांना उपयोगी पडतील.

पहिले, डायनोसॉर. मेगॅलोसॉरसचे वर्णन बकलंडने १८२४ मध्ये केले होते. इग्वानोडॉन १८२५ मध्ये आणि हायलिओसॉरस १८३३ मध्ये गिडिअन मँटेल या डॉक्टरने जगापुढे आणले. हे तिन्ही प्राणी प्रचंड सरडे समजले जात. ओवेनने त्यांची हाडे शेजारी ठेवून पाहिली. तिघांच्याही कमरेचे मणके एकमेकांना जुळून घट्ट झालेले होते. पाय सरड्यासारखे बाजूला फाकलेले नसून शरीराखाली खांबासारखे उभे असावेत, असे त्याने अनुमान काढले. सरड्यांहून वेगळा असा हा एक गट आहे असे सांगून १८४२ मध्ये त्याने गटाला 'डायनोसॉरिया' हे नाव दिले. म्हणून "ओवेनने डायनोसॉरचा शोध लावला" हे विधान चूक आहे. हाडे इतरांनी शोधली होती. ती एकाच गटातली आहेत हे ओवेनने ओळखले. हे कामही कमी मोलाचे नाही.

दुसरे, समजात अवयव. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा वल्ह्यासारखा पर यांचे काम वेगळे, पण आतील हाडांचा आराखडा एकच. 'काम सारखे' आणि 'आराखडा सारखा' या दोन गोष्टींतला फरक ओवेनने १८४३ मध्ये नेमक्या व्याख्येत मांडला. दहावीच्या वर्गात उत्क्रांतीचा पुरावा म्हणून आपण ही आकृती फळ्यावर काढतो ती याच विचारातून आलेली. गंमत अशी की ओवेनला हा आराखडा सृष्टीमागील एका आदर्श नमुन्याची खूण वाटे. डार्विनने दाखवले की तो समान पूर्वजाची खूण आहे.

तिसरे, न्यूझीलंडचा मोआ. १८३९ मध्ये हाडाचा सुमारे १५ सेंटिमीटरचा एक तुकडा ओवेनकडे आला. न्यूझीलंडमध्ये शहामृगाएवढा पक्षी राहत असला पाहिजे, असे त्याने त्यावरून जाहीर केले. १८४३ मध्ये हाडांनी भरलेली पेटी आली आणि त्याचे म्हणणे खरे ठरले. ही गोष्ट अनेक पुस्तकांत येते. पण हाड आणणाऱ्या जॉन रूल याने विक्रीच्या वेळीच ते एका प्रचंड, नामशेष पक्ष्याचे असल्याचे सांगितले होते, आणि त्याला ते माओरी लोकांच्या परंपरेतून कळले होते. ओवेनने तर सुरुवातीला हे गुरांचे नळीचे हाड दिसते म्हणून दुर्लक्ष केले. नंतर त्याने केलेली परीक्षा अस्सल होती. पण 'एका हाडावरून भाकीत' या कथेतून रूलही गळला आणि माओरीही.

तक्रारींची बाजू

हे नावे गळणे नेहमी आपोआप होत नसे. बेलेम्नाइट या माकुलवर्गीय जीवाश्मावरील कामासाठी ओवेनला १८४६ मध्ये रॉयल सोसायटीचे पदक मिळाले. त्या प्राण्याविषयी चॅनिंग पिअर्स या हौशी अभ्यासकाने १८४२ मध्येच लिहिले होते. ओवेनने त्याचा उल्लेख केला नाही.

मँटेलशी त्याचे वैर तर प्रसिद्ध आहे. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात खाणी पालथ्या घालणाऱ्या या डॉक्टरने इग्वानोडॉनवर उभे आयुष्य खर्चले. १८४१ मधील घोडागाडीच्या अपघातानंतर त्याची पाठ कायमची दुखावली. त्याला रॉयल सोसायटीचे पदक देण्याचा प्रस्ताव १८४९ मध्ये आला तेव्हा ओवेनने विरोध केला. तरीही पदक मँटेलला मिळाले. १८५२ मध्ये मँटेल वारला. त्यानंतर छापलेल्या एका निनावी मृत्युलेखात त्याच्या कामाला कमी लेखले होते. तो लेख ओवेनचाच, असे तेव्हापासून मानले जाते.

डार्विनशी सुरुवातीला त्याचे चांगले होते. बीगलच्या सफरीत डार्विनने दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांचे वर्णन ओवेननेच केले. पण १८५९ मध्ये डार्विनचा जातींच्या उगमावरील ग्रंथ आला, आणि १८६० मध्ये ओवेनने एका मासिकात निनावी परीक्षण लिहून त्यावर टीका केली. त्याच लेखात 'प्राध्यापक ओवेन' यांच्या कामाची स्तुतीही होती! उत्क्रांतीवर मतभेद असणे हा दोष नव्हे. सजीवांत काळाप्रमाणे बदल झाले असावेत, एवढे ओवेनही मानत असे. नैसर्गिक निवड त्याला पटत नव्हती. दोष होता तो नाव झाकून वार करण्याचा.

आणि मेंदूचा वाद. मेंदूतला 'हिप्पोकॅम्पस मायनर' हा भाग फक्त माणसात असतो, म्हणून माणूस इतर सस्तन प्राण्यांपासून वेगळ्या उपवर्गात घालावा, असे ओवेनने १८५७ मध्ये मांडले. थॉमस हक्सले आणि इतरांनी वानरांचे मेंदू चिरून तो भाग दाखवला. पुरावा समोर आल्यावरही ओवेन सरळपणे माघार घेईना. वैज्ञानिक म्हणून त्याची पत सर्वांत जास्त घसरली ती इथे. मोआच्या हाडाबाबत पुराव्यापुढे मत बदलणारा माणूस प्रतिष्ठा पणाला लागल्यावर बदलायला तयार नव्हता.

सर्वांसाठी संग्रहालय

१८५६ मध्ये ओवेन ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागांचा प्रमुख झाला. प्राणी, वनस्पती, खनिजे आणि जीवाश्म तिथे पुस्तके आणि पुतळ्यांच्या गर्दीत कोंडले होते. १८५९ मध्ये त्याने स्वतंत्र आणि प्रशस्त इमारतीची योजना मांडली. पार्लमेंटमध्ये तिची चेष्टा झाली. हक्सलेसारख्या शास्त्रज्ञांचे म्हणणे होते की अभ्यासाचे नमुने वेगळे ठेवावेत आणि लोकांसाठी थोडकेच मांडावेत. ओवेन हटला नाही. देवमाशाचा सांगाडा पूर्ण मावेल एवढी जागा हवी आणि ती कोणालाही पाहता यावी, हा त्याचा आग्रह होता. १८८१ च्या एप्रिलमध्ये साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय उघडले. आजचे लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम ते हेच.

याच कारकिर्दीत, १८६२ मध्ये, त्याने जर्मनीतून आर्किऑप्टेरिक्सचा जीवाश्म संग्रहालयासाठी खरेदी केला. पिसे पक्ष्याची आणि लांब हाडांची शेपटी सरीसृपाची, असा हा प्राणी. डार्विनच्या विरोधकाने मिळवून जपलेला हा नमुना उत्क्रांतीच्या बाजूचा एक प्रसिद्ध पुरावा ठरला. चांगले संग्रहालय आपल्या प्रमुखाच्या मताचे बांधील नसते. नमुना नीट जपलेला असेल आणि पाहणाऱ्यांना खुला असेल, तर तो प्रमुखाच्या विरुद्धही साक्ष देतो. वरळीच्या बेडकाबाबतही झाले ते असेच : नमुने आणि वर्णन उपलब्ध होते, म्हणून ८३ वर्षांनी नोबलला चूक दुरुस्त करता आली.

पण या संग्रहालयाची दुसरी बाजू आपल्याला विसरता येत नाही. लंडनमध्ये बसून ओवेनला न्यूझीलंडचे हाड, मुंबईचा बेडूक आणि मांगलीची कवटी तपासता आली, कारण ब्रिटिश साम्राज्याची जहाजे जगभरातून त्या शहरात माल आणत होती. जीवाश्म ज्या देशातला, तिथल्या माणसाला तो पाहायला लंडनला जावे लागे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या दारापर्यंत पोचणे सर्वांना शक्य नव्हते.

ओवेन १८ डिसेंबर १८९२ रोजी वारला. संग्रहालयाच्या मुख्य जिन्यावर त्याचा पुतळा अनेक दशके होता. २००८ मध्ये ती जागा डार्विनच्या पुतळ्याला देण्यात आली. ओवेनचा पुतळा इमारतीत दुसरीकडे हलवला. फेकून दिला नाही.

जमाखर्च मांडायचा का?

मग ओवेन थोर की खोटा? हा प्रश्नच वर्गात टाळावा असे वाटते. बँकेच्या पासबुकाप्रमाणे पुण्य जमेला आणि पाप खर्चाला लावून शिल्लक काढता येत नाही. मँटेलवर झालेला अन्याय डायनोसॉरियाच्या व्याख्येने भरून निघत नाही, आणि त्या अन्यायामुळे व्याख्या चुकीचीही ठरत नाही. प्रत्येक दावा वेगळा घेऊन त्याची तपासणी करायची. डायनोसॉर हा स्वतंत्र गट आहे? होय, तो टिकला. वरळीचा बेडूक 'राना' आहे? नाही, तो बदलला. माणसाच्या मेंदूत वेगळा भाग आहे? नाही, तो दावा फेटाळला गेला. बेलेम्नाइटचे श्रेय फक्त ओवेनचे? नाही, पिअर्सचेही.

हे मुलांना सांगणे का महत्त्वाचे आहे? कारण परीक्षेत आपण विचारतो, "डायनोसॉर हे नाव कोणी दिले?" एक गुण, एक नाव. बारा-पंधरा वर्षे असे प्रश्न सोडवलेले मूल नकळत शिकते की विज्ञान म्हणजे शेवटी नाव देणाऱ्याचे काम. खोदणारा, उचलून आणणारा, जपून पाठवणारा, चूक काढणारा, यांपैकी कोणी त्या एका गुणात मावत नाही. आणि हेच मूल पुढे विज्ञान प्रदर्शनात उभे राहते, तेव्हा वहीतली निरीक्षणे एका मुलीची, तक्ता दुसऱ्याचा आणि बोलणारा व बक्षीस घेणारा तिसराच असतो. कधी कधी मुलांच्या कामावर मार्गदर्शक शिक्षकाचेच नाव मोठ्या अक्षरांत असते. ओवेनचे दोष आपल्यापासून फार लांबचे नाहीत.

यावर एक साधा उपाय वर्गात करता येतो. शाळेत दगडांचे, बियांचे, पिसांचे एखादे कपाट असेलच. नसल्यास चितेगावच्या मुरमातील स्फटिकांपासून सुरुवात करता येईल. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर पाच गोष्टी लिहायच्या : वस्तू काय आहे, कुठे सापडली, कधी सापडली, कोणाला सापडली आणि ओळखली कोणी. 'कोणाला सापडली' आणि 'ओळखली कोणी' हे दोन रकाने वेगळे ठेवायचे. ओळख चुकली असे नंतर लक्षात आले तर जुनी चिठ्ठी फाडायची नाही. तिच्याखाली नवी जोडायची, तारीख आणि नावासह. नमुन्यांची दारे मुलांना उघडी ठेवायची.

शेवटी पुन्हा त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. डायनोसॉरची हाडे चितेगावच्या कातळात मिळणार नाहीत. पण जी गोदावरी पैठणवरून वाहते, तिच्याच काठी खूप खाली, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात, साठीच्या दशकाच्या सुरुवातीला एका प्रचंड डायनोसॉरची हाडे मिळाली. त्याच्या मांडीचे हाड माणसाच्या उंचीचे होते. १९७५ मध्ये जैन, कुट्टी, रायचौधुरी आणि चटर्जी या चार भारतीय शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन करून नाव दिले 'बारापासॉरस'. बंगालीसारख्या आपल्याच भाषांतून घेतलेला 'मोठा पाय'. तो 'डायनोसॉरिया' या गटात आहे. गटाचे नाव ओवेनचे. या वेळी हाड तपासायला लंडनला जावे लागले नाही. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे, आणि नावापुढे चार जणांची नावे आहेत.